विंडोज अपडेट झालं की डी चा ई होतो, काय करायचं (डेटा गेलेला नसतो, आधी हे वाचा)

मोठं अपडेट होऊन मशीन चालू झालं, डेस्कटॉपवरचे अर्धे शॉर्टकट पांढरे पडलेत, टॅली उघडलं तर कंपन्यांची यादीच रिकामी, डाउनलोड्सवर क्लिक केलं तर लोकेशन अव्हेलेबल नाही म्हणतंय, आणि धिस पीसी मध्ये बघावं तर डी ड्राइव्ह एकतर गायब किंवा त्याच्या जागी भलताच कुणी बसलाय. असं झालं की पहिला विचार येतो की अपडेटने डेटा उडवला. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. डेटा जिथे होता तिथेच असतो, फक्त दारावरची पाटी बदललेली असते. त्यामुळे पहिली गोष्ट, "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असा मेसेज आला तर कॅन्सल. आणि दुकानदार फोनवर "परत विंडोज टाकून घेऊ" म्हणाला तर त्यालाही थांबवा, कारण नवीन विंडोज टाकलं की लेटर (ड्राइव्हची सी, डी, ई ही अक्षरं) पुन्हा नव्याने वाटले जातात आणि गोंधळ होता त्याहून वाढतो.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय दरवेळी तेच करत बसावं लागतं. विंडोज 2000 पासून लेटर कुणाला द्यायचं हे माउंट मॅनेजर नावाचा एक भाग ठरवतो. त्याची वही रजिस्ट्रीत (विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे) असते, एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टम, त्यात माउंटेड डिव्हायसेस. तिथे प्रत्येक लेटरसमोर त्या पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या तुकड्याची, ओळख लिहिलेली असते. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर ही ओळख म्हणजे डिस्कची 4 बाइटची सही आणि पार्टिशन डिस्कवर नेमकं कुठून सुरू होतं तो आकडा. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर त्या पार्टिशनचा स्वतःचा 16 बाइटचा आयडी. म्हणजे विंडोज डिस्कला नावाने किंवा साइझने ओळखत नाही, या ओळखीने ओळखतं. ओळख जुळली की जुनं लेटर, नाही जुळली की हा नवीन पाहुणा समजून पुढचं जे मोकळं लेटर असेल ते देऊन टाकतं. पार्टिशन थोडं सरकवलं, डिस्क क्लोन केली (जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवली), किंवा ती वहीच नवीन झाली, की झालं.

वही नवीन होते ती मुख्यतः क्लीन इन्स्टॉलमध्ये. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि कितीतरी लोकांनी मशीन दुकानात देऊन विंडोज 11 टाकून घेतलं. लोक त्याला अपडेटच म्हणतात, पण पेनड्राइव्हवरून सी फॉरमॅट करून टाकलेलं विंडोज म्हणजे कोरी वही. आपल्याकडच्या असेंबल पीसीत तर नवीन एसएसडीवर सी आणि जुन्या 1 टीबीच्या हार्ड डिस्कचे तीन-चार तुकडे केलेले असतात, कुणाचं नाव "सॉफ्टवेअर", कुणाचं "फोटो", कुणाचं नुसतंच "न्यू व्हॉल्यूम". त्यांचा क्रम मग आधीसारखाच लागेल याची काही खात्री नसते.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे छोटे अपडेट सहसा लेटरला हातच लावत नाहीत. वर्षाच्या मोठ्या अपडेटमध्येही फरक आहे. विंडोज 11 च्या 22एच2 आवृत्तीवरून 23एच2 ला जाताना किंवा 24एच2 वरून 25एच2 ला जाताना फक्त आधीच आलेल्या गोष्टी चालू केल्या जातात, एका रीस्टार्टचं काम. पण 24एच2 वर जाताना अख्खं विंडोज बदलून टाकलं जातं, जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जातं, आणि मध्येच गरज वाटली तर सेटअप सी मधून थोडी जागा कापून नवीन रिकव्हरी पार्टिशनही (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी लागणारं) बनवतो. गोंधळ व्हायची शक्यता तिथे. महिन्याच्या छोट्या अपडेटनंतर लेटर बदललेलं दिसलं तर अपडेटपेक्षा रीस्टार्टच्या वेळी कुठली बाहेरची डिस्क लावलेली होती किंवा काढलेली होती ते आधी आठवा.

आता बघायचं कुठे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. खालच्या भागात डिस्क 0, डिस्क 1 अशा पट्ट्या दिसतात. लेटरकडे आत्ता लक्षच देऊ नका, साइझ आणि नाव बघा. तुमचा 400 जीबीचा जुना डी कुठला ते साइझवरून लगेच कळतं. आणि डिस्क 0, डिस्क 1 या आकड्यांवरही विसंबू नका, ते बूटच्या वेळी कोण आधी सापडलं त्यावर बदलतात. बदल करायच्या आधी मोबाइलवर या स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवा, पुढे कुणाची मदत घ्यायची वेळ आली तर तोच फोटो पाठवता येतो.

इथे सहसा तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं म्हणजे अदलाबदल, किंवा पार्टिशन आहे पण लेटरच नाही. हे सगळ्यात सोपं. पार्टिशनवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, लेटर नसेल तर अॅड, चुकीचं असेल तर चेंज. डी आणि ई ची अदलाबदल करायची असेल तर थेट जमत नाही कारण दोन्ही लेटर वापरात असतात, मग आधी डी ला टी करायचं, मग ई ला डी, मग टी ला ई. काही प्रोग्राम चालणार नाहीत अशी वॉर्निंग येईल, येऊ द्या, आपण लेटर जागेवर परत नेतोय त्यामुळे उलट ते प्रोग्राम सुरू होणारेत. बदल करताना त्या ड्राइव्हवरच्या फाइल्स आणि प्रोग्राम बंद ठेवा आणि झाल्यावर एकदा रीस्टार्ट करा.

यात दोन ठिकाणी अडतं. सी चं लेटर इथून बदलता येत नाही, आणि बदलायचंही नसतं, कुठेतरी रजिस्ट्रीतून सी बदलायची युक्ती वाचली असेल तर विसरून जा, मशीन बूट होणं बंद होईल. दुसरं अडतं पेजफाइलपाशी, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जी फाइल वापरतं तिच्यापाशी. पूर्वी कुणीतरी एसएसडी वाचवायला म्हणून पेजफाइल डी वर नेऊन ठेवलेली असते आणि ते सगळे विसरलेले असतात. डिस्कपार्टने (विंडोजचं कमांडवर चालणारं डिस्कचं साधन) केलं तर तो स्पष्ट सांगतो की सिस्टम, बूट किंवा पेजफाइल असलेल्या व्हॉल्यूमचं (म्हणजे त्या पार्टिशनचं) लेटर काढता येणार नाही. अशा मशीनवर अपडेटनंतर लॉगिन केल्या केल्या "तात्पुरती पेजिंग फाइल बनवली" असाही मेसेज येतो, तो दिसला तर समजायचं की हेच दुखणं आहे. अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज, परफॉर्मन्सचं सेटिंग्ज, त्यात व्हर्च्युअल मेमरी, आणि तिथे विंडोजला स्वतः ठरवू द्या या खुणेवर टिक करून रीस्टार्ट. मग लेटर बदलू देतं.

दुसरं चित्र जास्त मजेशीर. आधी कधीच न पाहिलेला 450-500 एमबीचा एक ड्राइव्ह उगवलेला असतो, जवळजवळ भरलेला, आणि विंडोज सारखं कोपऱ्यातून ओरडत असतं की या ड्राइव्हवर जागा संपत आली. 2018 च्या एप्रिल अपडेटनंतर, म्हणजे विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीच्या वेळी, हे खूप मशीनवर झालं होतं आणि अजूनही अधूनमधून होतं. हा ड्राइव्ह म्हणजे रिकव्हरी पार्टिशन, जो लपलेला असायला हवा त्याला चुकून लेटर मिळालेलं असतं, आणि कधी त्याने नेमका तुमचाच ई किंवा एफ पळवलेला असतो. त्यातलं काही डिलीट करू नका, जागा करायची गरज नाही. फक्त लेटर काढून घ्यायचं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अशा पार्टिशनवर राइट क्लिक केलं तर नुसतं हेल्प दिसतं, म्हणून कमांड लागते. कमांड प्रॉम्प्ट रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटरने उघडा आणि माउंटव्हॉल, स्पेस, ई कोलन, स्पेस, स्लॅश डी असं टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि ई च्या जागी जे चुकीचं लेटर असेल ते). ड्राइव्ह दिसेनासा होतो, पार्टिशन मात्र तिथेच राहतं. स्लॅश डी हा स्विच आहे, डी ड्राइव्ह नव्हे, यात बरेच जण गडबडतात.

काढल्यावरही पुढच्या रीस्टार्टला तो परत येत असेल तर त्या पार्टिशनचा प्रकारच चुकीचा लिहिलेला असू शकतो. जानेवारी 2024 मध्ये केबी 5034441 नावाचं अपडेट आलं होतं, ज्यांचं रिकव्हरी पार्टिशन लहान होतं त्यांच्याकडे ते 0एक्स80070643 हा एरर देऊन अडायचं, आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलं होतं की डिस्कपार्टने ते पार्टिशन 250 एमबीने मोठं करा. खूप लोकांनी जुनं डिलीट करून नवीन बनवलं. त्या पायऱ्यांत शेवटी पार्टिशनचा आयडी सेट करायचा असतो, एमबीआरवर 27, जीपीटीवर डीई94 ने सुरू होणारा लांबलचक आयडी आणि सोबत अॅट्रिब्यूट. ही पायरी राहिली की विंडोजच्या लेखी ते साधं डेटा पार्टिशन, मग त्याला लेटर मिळणारच. तुम्ही किंवा तुमच्यासाठी कुणी ते तेव्हा केलं असेल तर तिथे बघा, माउंटव्हॉल नुसतं पुन्हा पुन्हा चालवून ते जाणार नाही.

तिसरं चित्र बाहेरच्या डिस्कचं. लग्नाच्या शूटिंगवाल्यांना हे पाठ असेल, चार-पाच एक्स्टर्नल डिस्क, प्रत्येकीवर मार्करने सीझन लिहिलेला, आणि प्रीमियर (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) उघडलं की सगळा टाइमलाइन लाल, मीडिया ऑफलाइन. लावलेली नसलेल्या डिस्कचं लेटर विंडोज राखून ठेवत नाही. एफ असलेली डिस्क कपाटात असताना तुम्ही दुसरी लावली की ती खुशाल एफ होऊन बसते, आणि मग पहिली लावली की तिला जी मिळतं. स्वस्तातल्या काही पेनड्राइव्हना तर स्वतःचा सिरियल नंबरच नसतो, त्यांना विंडोज यूएसबी पोर्टवरून ओळखतं, पोर्ट बदललं की तो नवीन पेनड्राइव्ह. कार्ड रीडरमध्ये चार खाचे असतील तर रिकामे असूनही चार लेटर अडवून ठेवतो, आणि फोल्डर ऑप्शनमध्ये रिकामे ड्राइव्ह लपवा हे चालू असतं म्हणून दिसतही नाही. ऑफिसात नेटवर्क ड्राइव्ह मॅप केलेला असेल तर तोही एक लेटर धरून बसतो.

यावरचा उपाय मला तरी एकच पटतो. सुरुवातीची लेटर, ई एफ जी एच, वाऱ्यावर सोडून द्यायची, ती पेनड्राइव्हांसाठी. जे ड्राइव्ह कायम एकाच लेटरने हवेत त्यांना मागची लेटर द्यायची, पी, क्यू, आर, एस अशी. विंडोज आपणहून लेटर देताना पुढून मोकळं असेल ते देतं, त्यामुळे क्यू पर्यंत तो सहसा पोचतच नाही. नेटवर्क ड्राइव्ह मॅप करताना विंडोज झेड पासून मागे येत सुचवतं, म्हणून अगदी शेवटची नकोत, मधली घ्या. एकदा डिस्क मॅनेजमेंटमधून क्यू दिलं की त्या मशीनवर ती डिस्क पुढच्या वेळीही क्यू च येते. मशीन दोन असतील तर दोन्हीकडे हे करावं लागेल, कारण वही मशीनची असते, डिस्कची नाही. आणि प्रत्येक पार्टिशनला नीट नाव द्या हो, "न्यू व्हॉल्यूम" नावाचे तीन ड्राइव्ह असलेलं मशीन दुरुस्त करायला बसणं म्हणजे डोकेदुखी. एनटीएफएसवर (विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटवर) 32 अक्षरांपर्यंत नाव चालतं, एवढी कंजुषी कशाला.

ज्यांना लेटरची कटकटच नको त्यांच्यासाठी अजून एक रस्ता आहे जो फारसा कुणी वापरत नाही. त्याच चेंज ड्राइव्ह लेटरच्या खिडकीत अॅड केलं की खाली रिकाम्या एनटीएफएस फोल्डरमध्ये माउंट करा असा पर्याय असतो. सी मध्ये "डेटा" नावाचा रिकामा फोल्डर बनवून त्यात ते पार्टिशन बसवायचं. मग पाथ सी मधल्या त्या फोल्डरचा होतो, लेटर बदललं तरी फरक पडत नाही. घरातल्या एका मशीनवर एकदाच बसवलेल्या हार्ड डिस्कसाठी हे फार छान. काढ-घाल होणाऱ्या डिस्कसाठी मात्र नको.

जुन्या नोंदी फार साठल्या असतील तर माउंटव्हॉल स्लॅश आर ने साफ होतात, म्हणजे आत्ता जे लावलेलं नाही त्या सगळ्यांच्या नोंदी जातात. त्यामुळे ती चालवण्याआधी आपल्या कामाच्या एक्स्टर्नल डिस्क लावून ठेवा, नाहीतर त्यांचीही आठवण पुसली जाईल. माउंटव्हॉल स्लॅश एन ने आपोआप लेटर देणंच बंद करता येतं असंही वाचायला मिळेल, ते खरंय, पण मग नवीन डिस्क लावली की "दिसत नाही" म्हणून आरडाओरड. घरी आईबाबांच्या मशीनवर हे करू नका.

आता समजा महिनाअखेर आहे, जीएसटीचं रिटर्न आजच भरायचंय, आणि डी चा ई झालाय, रीस्टार्ट वगैरे करायला वेळ नाही. डी हे लेटर मोकळं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये सब्स्ट, डी कोलन, ई कोलन बॅकस्लॅश एवढं टाइप करा, ई चा सगळा माल डी नावानेही दिसायला लागतो. ही कमांड साध्या प्रॉम्प्टमध्ये चालवा, अॅडमिनिस्ट्रेटरच्या नाही, नाहीतर तुमच्या नेहमीच्या प्रोग्रामना तो डी दिसणारच नाही. लॉग ऑफ केलं की हे जातं, कायमचा उपाय नाही, पण संध्याकाळ निघते. टॅलीत तर तेवढीही गरज नाही, कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पाथ बदलून नवीन लेटर दिलं की कंपन्या दिसतात, फक्त बॅकअपचा पाथही तिथेच बदलून घ्या.

लेटर जागेवर आलं की बहुतेक गोष्टी आपोआप सुरू होतात. ज्या होत नाहीत त्यात एक्सेलच्या एकमेकांना जोडलेल्या फाइल्स असतात, कारण मधल्या काळात कुणीतरी फाइल उघडून सेव्ह केलेली असते आणि लिंक नव्या लेटरवर गेलेली असते. डेटा टॅबमधल्या एडिट लिंक्समध्ये जाऊन सोर्स बदलावा लागतो.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका, आणि ती म्हणजे बॅकअपची बॅच फाइल. खूप छोट्या ऑफिसांत कुणीतरी रोबोकॉपीची (विंडोजची फाइल्स कॉपी करायची कमांड) एक ओळ लिहून दिलेली असते, डी चं सगळं ई वर, मिर स्विच लावून, आणि ती रोज रात्री टास्क शेड्युलरमधून चालते. मिर म्हणजे मिरर, दुसरी बाजू हुबेहूब पहिलीसारखी करणं, म्हणजे पहिल्या बाजूला जे नाही ते दुसऱ्या बाजूने डिलीट करणं. लेटरची अदलाबदल झालेल्या मशीनवर ही ओळ चालली तर जुना बॅकअप हाच मूळ समजला जातो आणि तुमचं नवीन काम त्याच्यासारखं केलं जातं, नवीन फाइल्स उडतात, बदललेल्या फाइल्सवर जुन्या बसतात. रीसायकल बिनमध्येही काही मिळत नाही. या सगळ्या प्रकारात खरोखर डेटा जाण्याची वाट ही आहे, बाकी नुसती गैरसोय. म्हणून लेटर बदललेलं दिसलं की डिस्क मॅनेजमेंट उघडायच्याही आधी टास्क शेड्युलरमध्ये जाऊन ते टास्क डिसेबल करा.

आणि ती बॅच फाइल सुधारून घ्या. साधी युक्ती आहे, बॅकअपच्या डिस्कवर बॅकअप नावाची आणि मूळ डिस्कवर सोर्स नावाची एक रिकामी टेक्स्ट फाइल ठेवायची (फाइलचं नाव इंग्रजीतच, बॅच फाइलला देवनागरी नाव नीट पचत नाही), आणि रोबोकॉपीच्या आधी इफ नॉट एक्झिस्ट लावून दोन्हीपैकी कुठलीही एक फाइल जागेवर नसेल तरी बाहेर पड असं लिहायचं. सोर्सची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये नको, थेट त्या डिस्कवर ठेवा आणि रोबोकॉपीच्या एक्सएफ स्विचमध्ये (या फाइल्स वगळा असं सांगणारा) दोन्ही नावं टाका, नाहीतर मिरर करताना तो सोर्सची फाइल बॅकअपवर कॉपी करेल आणि बॅकअपची खूण उडवेल, मग सगळी तपासणी फुकट. पॉवरशेल येत असेल तर त्याहून चांगलं, गेट व्हॉल्यूमला फाइल सिस्टम लेबल देऊन नावावरून लेटर शोधता येतं, मग लेटर काहीही असो.

अपडेट अडकून मशीन निळ्या रिकव्हरी स्क्रीनवर गेलं असेल आणि तिथून कमांड प्रॉम्प्ट उघडला असेल तर तिथली लेटर वेगळीच असतात हे लक्षात ठेवा. तिथे एक्स म्हणजे मेमरीत चालणारं छोटं विंडोज, आणि तुमचा सी तिथे डी किंवा ई ही असू शकतो. त्यावरून लेटर बदललं असं समजू नका. तिथे काहीही करायच्या आधी डिस्कपार्ट, मग लिस्ट व्हॉल्यूम, साइझ बघून ओळखा. आणि ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह असेल तर तो बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारं साधन, त्याची 48 आकडी रिकव्हरी की बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, दुसऱ्या मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. 24एच2 पासून क्लीन इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं तर बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, त्यामुळे आपण कधी लावलंच नाही असं वाटणाऱ्यांनीही तिथे एकदा बघावं.

आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती डिस्क अजिबातच दिसत नसेल, किंवा दिसते पण रॉ लिहिलंय (म्हणजे आतली रचना विंडोजला वाचता येत नाही), तर हा लेटरचा प्रश्नच नाही, वरचं काहीही करू नका. ऑफलाइन लिहिलं असेल आणि सही जुळण्याचा, सिग्नेचर कोलिजनचा उल्लेख असेल तर क्लोन केलेली आणि मूळ अशा दोन्ही डिस्क एकाच वेळी लावल्यात, एक काढा. अजिबात दिसत नसेल तर मशीन बंद करून केबल काढून परत बसवा, एक्स्टर्नल असेल तर दुसऱ्या केबलने आणि मागच्या पोर्टला लावून बघा, बायोसमध्ये दिसते का बघा. रॉ असेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल आणि त्यावर लागणारा डेटा असेल तर चेकडिस्कही (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.